स्टिअरिंगखालचं बटण

यंदा मोहाची फुलं लवकर गळायला लागली. होळीची राख अजून चौकातच होती आणि पहाटेच्या वाऱ्यासोबत वास आला. दार उघडून अंगणात उभी राहिले, तर समोरच्या रस्त्यानं बाया टोपल्या घेऊन जंगलाकडे निघालेल्या. कुणाच्या डोक्यावर टोपली, कुणाच्या कमरेवर. बोलणं अगदी हळू, झोपेतून पुरतं बाहेर न आलेलं. नऊ-दहा वाजता याच बाया परत येतील तेव्हा टोपल्या भरलेल्या असतील आणि आवाज मोठे झालेले असतील. मग दिवसभर गावातल्या अंगणाअंगणांत फुलं वाळत पडतील. आधी लोण्यासारखी पिवळट, मग तांबूस, मग मनुकांसारखी सुरकुतलेली.

या वासाला नुसता गोड म्हणता येत नाही. त्यात आंबूसपणा असतो, आणि झाडाखालचा पाला जाळतात त्याचा धूरही मिसळलेला असतो. केशोरीत तीस वर्षं काढल्यावर त्याचं काही वाटायला नको. पण दोन वर्षांपासून असं झालंय, की हा वास आला की त्याच्यामागून मला दुसरा एक वास येतो. गाडीच्या रेडिएटरमधून उकळून बाहेर पडलेल्या हिरव्या पाण्याचा. तोही गोडसरच असतो. हे मला त्या उन्हाळ्यात कळलं. त्याआधी गाडीचं बॉनेट मी कधी उघडलंसुद्धा नव्हतं.

मी नर्स होते. उपकेंद्रावर, मग गावातल्या दवाखान्यात. निवृत्त होऊन आता काही वर्षं झाली, तरी गावात मी नर्सबाईच आहे. आमचे हे पाटबंधारे खात्यात कालव्यावर होते. पाणी कधी सोडायचं, कोणत्या शेताला किती वेळ, हे सगळं त्यांच्या तोंडपाठ. लोक त्यांना वामनभाऊ म्हणत. दोन वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्याच्या आधी, धानाची कापणी चालू असताना, एका सकाळी ते अंगणात खुर्चीवर बसले आणि उठले नाहीत. त्यांचं मनगट माझ्या हातात होतं. तीस वर्षं नाड्या मोजल्या मी. ती एक मोजता मोजता थांबली.

मग घरात मी आणि टिनाच्या शेडखाली ती जुनी पांढरी गाडी, एवढंच उरलं. गाडी त्यांनी कुणाची वापरलेली घेतली होती आणि नव्या गाडीसारखी जपली होती. माझ्या निवृत्तीनंतर तलावाच्या पाळीवर त्यांनी मला चालवायला शिकवलं. लायसन्सही काढून दिलं. पण मी चालवायची तेव्हा ते शेजारी असायचेच. लांब जायचं असलं किंवा उन्हाळा असला की ते चालवायचे आणि मी शेजारी. ते गेल्यावर मुलगा नितीन पुण्याहून फोनवर म्हणाला, आई, रविवारी पाच मिनिटं तरी सुरू करत जा, नाहीतर बॅटरी बसेल. म्हणून मी दर रविवारी गाडीवरची चादर काढायची, पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायची, बंद करायची आणि चादर पुन्हा घालायची. पाच मिनिटांत गाडी काही तापत नाही. त्यामुळे काय बिघडलंय हे कळायला मार्चच उजाडावा लागला.

मार्चमध्ये मला चष्म्याचा नंबर काढायला अर्जुनीला जायचं होतं. खरं सांगायचं तर त्यासाठी बस होती. मला घराबाहेर पडायचं होतं. सकाळी सात वाजता गाडी काढली आणि भीतीनं दुसऱ्या गिअरच्या वर गेलेच नाही. गाव सुटलं, शेतं सुटली, दोन्हीकडून जंगल आलं. पळसाची फुलं संपत आली होती. शेजारची सीट रिकामी होती आणि मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून समोरच्या काट्यांकडेच बघत होते. त्यामुळेच मला दिसलं, की तापमानाचा काटा मधली रेघ ओलांडून वर चाललाय. मग बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. मी गाडी कडेला घेतली. एका मोहाच्या झाडाखाली, हे थांबल्यावर लक्षात आलं.

माणूस तापला की डोक्यावर गार पट्टी ठेवायची, एवढंच मला माहीत. पाण्याची बाटली घेऊन मी बॉनेट उघडायला गेले, तेवढ्यात झाडाखाली फुलं वेचणाऱ्या बायांपैकी एक म्हातारी आली आणि तिनं माझा हात धरला. म्हणाली, "थंडी होऊ द्या, बाई. तिले आत्ता हात नोका लावू." तिच्या मुलाच्या ट्रॅक्टरचं असंच झालं होतं, झाकण उघडल्याबरोबर उकळतं पाणी त्याच्या छातीवर उडालं होतं, त्याला पट्टी मीच बांधली होती, याची आठवण तिनंच मला करून दिली. मला आठवलं नाही. इतक्या पट्ट्या बांधल्या.

त्या बाया थोडा वेळ माझ्याजवळ बसल्या. आपल्या डब्यातलं पाणी त्यांनी मला प्यायला दिलं. मग ऊन चढायच्या आत घरी जायचं म्हणून निघाल्या. जाताना म्हातारीनं विचारलं, भाऊ नाही आले का सोबत. दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं.

त्यानंतर मी तिथे एकटी होते. रस्त्यावरून तासाभरात दोन मोटरसायकली गेल्या असतील. मोहाचं फूल वाळक्या पानावर पडलं की टप असा छोटासा आवाज येतो. एक पडलं की दुसरं केव्हा पडेल ते सांगता येत नाही. मी ते ऐकत बसले होते आणि मनात एकच चालू होतं, की हे असते तर त्यांना कळलं असतं काय करायचं. मग त्याचा रागही आला. किती साध्या साध्या गोष्टी मी त्यांच्यावर सोडून दिल्या होत्या. गॅसचा नंबर लावणं, विहिरीची मोटर, विजेचं बिल. नवऱ्यामागं आपलं कसं होईल याचा विचार मी शेकडो बायांना करायला लावला होता, आणि स्वतः केला नव्हता.

गाडी थंड झाल्यावर पाणी घातलं आणि चार ठिकाणी थांबत थांबत घरी आणली. चष्मा राहिला.

गावातला गाड्यांचा मिस्त्री लग्नासाठी बालाघाटकडे गेला होता आणि महिनाभर यायचा नव्हता. अर्जुनीच्या गॅरेजवाल्यानं फोनवर सांगितलं, गाडी इथे घेऊन या. तिथवर येत नाही म्हणून तर फोन केला होता. नितीनला सांगितलं तर तो म्हणाला, आई, आता ती गाडी काढूनच टाकू. वडसाला त्याच्या ओळखीचा एक घेणारा होता. एप्रिलच्या शेवटी तो स्वतः येणार होता, गाडीचा व्यवहार करून मलाही सोबत पुण्याला नेणार होता. तू एकटी तिथे काय करणार, हे त्यानं तीन वेळा विचारलं. प्रश्न बरोबर होता. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बॉनेट उघडून उभी राहिले. रोग्याला तपासताना आधी नुसतं बघायचं असतं, हात नंतर. इंजिन चालू केलं आणि बघत राहिले. रेडिएटरच्या मागे प्लॅस्टिकच्या पात्यांचा एक पंखा होता. गाडी उभी किंवा हळू असताना रेडिएटरला वारा मिळावा म्हणून तो असतो, एवढं मला त्याच्याकडे बघून समजलं. काटा वर चढत गेला. पंखा हलला नाही. लाल रेघेच्या जरा अलीकडे मी इंजिन बंद केलं. निदान झालं होतं, औषध माहीत नव्हतं.

तेव्हा मला सुखदास मडावी आठवला. बाजाराच्या ओळीत त्याचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पंपांच्या मोटरी जळल्या की लोक त्याच्याकडे आणतात, तो त्यांत नवी तांब्याची तार भरून देतो. आमच्या यांचा तो मित्र. संध्याकाळी चार वाजले की हे त्याच्या दुकानात जाऊन बसायचे. मी विचार केला, पंख्यालाही मोटरच असते.

सुखदास दुपारी आला. साठी उलटलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं बॉनेटकडे बघितलंसुद्धा नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, वाकला आणि स्टिअरिंगच्या खाली हात घातला. म्हणाला, "बटन दाबून पायलं का?"

मी म्हटलं, कोणतं बटण.

त्यानं हात तसाच ठेवून माझ्याकडे बघितलं. "तुमाले मालूम नाही?"

मी वाकून बघितलं. गुडघ्याच्या वर, जिथे कधी कुणाची नजर जात नाही, तिथे एक लहानसं काळं बटण होतं. घरात दिव्याला असतं तसं. त्यातून दोन वायरी आत गेल्या होत्या. सुखदासनं सांगितलं ते असं. गाडी तापली की पंख्याला चालू हो म्हणून सांगणारा एक सेन्सर असतो, तो बिघडला होता. तेव्हा हे त्याच्याकडे गेले आणि त्यानं बॅटरीपासून थेट पंख्यापर्यंत वायर टाकून मध्ये हे बटण बसवून दिलं. काटा वर चढला की हातानं बटण दाबायचं, खाली आला की बंद करायचं. याला तीन उन्हाळे झाले होते.

तीन उन्हाळे मी त्या गाडीत शेजारी बसले होते. नवेगावबांधला गेलो, प्रतापगडच्या यात्रेला गेलो, माझ्या भाचीच्या लग्नाला भर मे महिन्यात गोंदियाला गेलो. चढ आला किंवा गर्दीत गाडी अडकली की यांचा हात गुडघ्याकडे जायचा. मला वाटायचं, गुडघा दुखतोय. मी एकदा तेलही लावायला दिलं होतं. त्यांनी मुकाट्यानं लावलं.

मी सुखदासला विचारलं, मला का सांगितलं नाही. तो म्हणाला, "भाऊनं मना केलं होतं. म्हणे, तिले सांगशीन तं ते गाडीत बसणार नाही."

यावर मला थोडं हसूही आलं. खरंच बसले नसते.

बटण दाबलं तरी पंखा फिरला नाही, नुसता घुं करत राहिला. सुखदासनं कडुनिंबाची एक काडी घेऊन पात्याला ढोसलं, तेव्हा दोन फेरे मारून पुन्हा थांबला. मोटरच्या आत कार्बनचे दोन छोटे तुकडे असतात, ते झिजून संपले आहेत, असं त्याचं म्हणणं पडलं. बॅटरीची वायर काढून ठेवून तो पंखा उतरवायला बसला. मी पाने-पक्कड त्याच्या हातात देत होते, जशी अवजारं डॉक्टरांना द्यायची. बरं वाटत होतं. कितीतरी दिवसांनी घरात कुणीतरी काहीतरी करत होतं.

बोलता बोलता सुखदास म्हणाला, भाऊ असेच होते, सांगायचे नाहीत कुणाला काही. आणि मग, बहुतेक त्याच्याही नकळत, पुढचं बोलून गेला. आखाडीच्या मागेपुढे एकदा हे त्याच्या दुकानात बसले असताना त्यांना दरदरून घाम आला होता. छाती धरून ते बाकावर आडवे झाले होते. "मी म्हणलं, दवाखान्यात चाला. म्हणे, माझ्या घरीच दवाखाना हाये. पण तिले सांगू नको."

माझ्या हातात दहाचा पाना होता. मी तो खाली ठेवला आणि घरात गेले. स्वयंपाकघरात दोन कप विसळायचे होते ते विसळले, पुसले, पुन्हा विसळले. बाहेर आले तेव्हा सुखदास मोटर पिशवीत घालून निघून गेला होता. चहा करायचाच राहिला होता.

आखाडी म्हणजे आषाढ. तिथून कापणीपर्यंत चार महिने होते. मी त्या चार महिन्यांचा एक एक दिवस आठवायला बसले. दर सोमवारी मी त्यांचं ब्लडप्रेशर बघत होते. ते शर्टाची बाही वर सारून शाळेतल्या पोरासारखा हात पुढे करायचे. प्रेशर नेहमी बरं असायचं. मी वहीत लिहून ठेवायची. त्या वहीत सगळं ठीक होतं. चार महिने रोज ताटाला ताट लावून जेवलो, आणि ज्या बाईला गाव दुखणी सांगायला येत होतं, तिला घरच्या माणसानं सांगितलं नाही. मी रागावेन म्हणून नाही सांगितलं, घाबरेन म्हणून, की नागपूरला नेईन म्हणून? मला चार महिने मिळाले असते. चार महिन्यांत खूप काही करता येतं. हे मी नर्स म्हणून सांगते, बायको म्हणून वेगळं काय सांगू.

चार दिवस मी घराबाहेर पडले नाही. मोटर आणायला गेले नाही. सुखदासचा फोन आला तो घेतला नाही. त्या चार दिवसांत मी यांच्याशी भांडले, मनात आणि कधी कधी मोठ्यानंही. ते गेल्यावर लोक येत होते, मी रडत होते, पण भांडण झालं नव्हतं. आणि भांडता भांडता सारख्या त्या गाडीतल्याच गोष्टी पुढे येत होत्या. शेवटच्या पावसाळ्यात हे रस्त्यात फार वेळा थांबायचे. जरा चहा घेऊ म्हणायचे. गाडी झाडाखाली लावायचे, उतरून बॉनेटला टेकून उभे राहायचे, रुमालानं मान पुसायचे. मी गाडीत बसून म्हणायची, आत्ताच तर घेतला ना चहा, उशीर होतोय. त्यातल्या कोणत्या वेळी गाडी तापलेली होती आणि कोणत्या वेळी त्यांची छाती दुखत होती, हे आता मला कधीच कळणार नाही. मी अजूनही कधी कधी त्याची विभागणी करायला बसते. ही गाडीसाठी, ही त्यांच्यासाठी. जमत नाही.

आता हे लिहिताना दुपारचे दोन वाजलेत. समोरच्या घरी गच्चीवर मिरच्या वाळत घातल्यात, त्याचा ठसका इथवर येतोय. रस्ता रिकामा आहे. उन्हाळ्यातली दुपार एकट्या माणसाला फार मोठी असते. सकाळी कामं असतात, संध्याकाळी कुणीतरी येतं-जातं. दुपारी मात्र घर आपल्याकडे बघत बसतं. मी रेडिओ लावते, बंद करते. ज्या खोलीत काही काम नाही तिथे जाऊन येते.

पाचव्या दिवशी चार वाजता मी सुखदासच्या दुकानात गेले. वार्निशचा वास, भिंतीला टांगलेली तारांची वेटोळी, खाली उघडून ठेवलेल्या दोन-तीन मोटरी. दाराशी एक लाकडी बाक होतं. सुखदास मला बघून उभा राहिला. मोटर तयार होती. गाडीचे कार्बन इथे मिळत नाहीत, म्हणून त्यानं कुठल्यातरी मिक्सरचे घेतले आणि कानशीनं घासून त्या मापाचे केले होते. बॅटरीला लावून त्यानं मला दाखवलं. मोटर सुरेख फिरली. दोघंही तिच्याकडे बघत होतो, कारण एकमेकांकडे बघायचं नव्हतं.

मग त्यानं वायर काढली. मोटर थांबल्यावर म्हणाला, "सांगाले पाहिजे होतं, बाई. रोज वाटते."

त्यानं कारण दिलं नाही. मित्राला शब्द दिला होता वगैरे काही बोलला नाही. चार दिवस मी त्याच्यासाठी पुष्कळ वाक्यं तयार करून ठेवली होती, ती सगळी माझ्याजवळच राहिली. त्यानं चहा मागवला. मी बाकावर बसले. थोड्या वेळानं तो मोटरच्या नटाशी खेळत म्हणाला, "चार वाजले का मी रस्त्याकडे पाहून राहतो. सवय झाली."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की हे गेल्यावर एकटी मीच झाले नव्हते. मी बायको होते, म्हणून माझ्याकडे लोक येऊन बसले, तेरा दिवस घर भरलेलं होतं. सुखदासकडे कोण गेलं असेल. त्याला कुणी विचारलंही नसेल.

पंखा बसवायला तो दुसऱ्या दिवशी आला. बटणावर आता चालेल म्हणाला, आणि खरंच चाललं. पण मी हट्ट धरला की सेन्सर नवा टाकायचा आणि पंखा आपोआप चालू झाला पाहिजे. त्याला पटलं नाही. बटण चांगलं आहे, आपल्या हातात राहतं, असं तो म्हणाला. मी म्हटलं, मला ते हातात नकोय. गाडी तापली तर गाडीनं दाखवावं. कुणी गुडघ्याकडे हात नेऊन गुपचूप सावरत बसायचं, हे माझ्या घरात आता नको. हे शेवटचं वाक्य जरा जोरातच निघालं. सुखदास मान हलवून कामाला लागला.

सेन्सर गोंदियाहून एका ओळखीच्या माणसाबरोबर बसनं आला. अंगठ्याएवढा पितळी तुकडा, मागे दोन पिना. मी म्हटलं, बसवण्याआधी तपासायचा. सुखदासला हे आवडलं. मी गॅसवर पातेल्यात पाणी ठेवलं. त्यानं सेन्सरला दोन वायरी जोडल्या, मध्ये एक छोटा बल्ब, टोकाला बॅटरी. रेडिएटरमधलं जुनं पाणी टोपात काढून जुना सेन्सर उतरवून ठेवला होता, तो आधी पाण्यात सोडला. पाणी उकळलं तरी बल्ब लागला नाही. मग नवा सोडला. आम्ही दोघं पातेल्यावर वाकून उभे. पाण्याच्या तळाशी बुडबुडे आले, कडेनं वर यायला लागले, आणि उकळी फुटायच्या जरा आधी बल्ब लागला. गॅस बंद केला, पाणी निवत गेलं, बल्ब विझला. मी पुन्हा गॅस लावला. पुन्हा लागला. चार वेळा केलं आम्ही हे, काही गरज नसताना. सुखदास म्हणाला, "भाऊले मजा आली असती." ते गेल्यावर त्या घरात कुणी त्यांच्याविषयी हसत बोललं, असं ते पहिलंच वाक्य.

मग नवा सेन्सर मीच पिळून बसवला. सुखदासनं फक्त शेवटचा अर्धा वेढा दिला. रेडिएटरचं नवं हिरवं पाणी, कुलंट म्हणतात ते, भरलं. मग भर उन्हात, बारा वाजता, गाडी अंगणात उभी करून इंजिन चालू केलं आणि ड्रायव्हरच्या उघड्या दाराशी सावलीत दोघं बसलो. काटा हळूहळू चढला. मध्यावर आला, मध्याच्या पुढे गेला. सुखदास बटण दाबायला उठायला लागला, मी त्याला थांबवलं. आणखी अर्धं मिनिट गेलं असेल. मग आतून खट् असा आवाज झाला आणि पंखा सुरू झाला. त्याचा वारा पायावर आला, गरम आणि धुळीचा. काटा खाली आला, पंखा थांबला. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाला. कुणी काही केलं नव्हतं.

जाण्याआधी सुखदासनं स्टिअरिंगखालचं बटण काढलं आणि त्याच्या वायरीही काढल्या. तिथे दोन स्क्रूंची भोकं राहिली. बटण त्यानं मला देऊ केलं. मी म्हटलं, तुम्हीच ठेवा, कुठेतरी कामाला येईल. त्यानं ते खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्जुनीला गेले आणि चष्मा करायला टाकून आले. एकटी गेले, एकटी आले. वाटेत कुठे थांबले नाही. घरी आल्यावर गाडी शेडखाली लावली, किल्ली खिळ्याला अडकवली आणि मग माझ्या लक्षात आलं, की ही गोष्ट सांगायला घरात कुणी नाही. गाडी नीट झाल्याचा आनंद दाराच्या आत आल्यावर टिकला नाही. दुरुस्तीचे पंधरा दिवस मला काम होतं, पाने होते, राग होता. आता पुन्हा दुपार होती. मी भात केला, ताट वाढलं, आणि ते तसंच झाकून ठेवून पलंगावर पडले.

रविवारी सकाळी नितीनचा फोन आला. त्याची तिकिटं झाली होती. माझंही परतीचं काढलं होतं. मी त्याला गाडी नीट झाल्याचं सांगितलं, पंखा कसा बसवला ते सांगितलं. त्याला आश्चर्य वाटलं, हसला, तू काय आता गॅरेज टाकणार का म्हणाला. मग त्यानं विचारलं, "बाकी तू बरी आहेस ना?"

'बरी आहे' हे शब्द जिभेवर आले होते. इतके सहज आले होते की मीच दचकले. यांनीही असंच केलं असणार. फार काही ठरवलं नसणार. कुणीतरी विचारलं, आणि तोंडातून आपसूक निघालं.

मी म्हटलं, "नाही रे. बरी नाही."

मग त्यानं घाईघाईनं विचारायला सुरुवात केली, काय होतंय, कधीपासून, डॉक्टरला दाखवलं का. मी त्याला सांगितलं, प्रेशर ठीक आहे, साखर ठीक आहे, तसं काही नाही. "जेवण जात नाही. दुपारी घर खायला उठतं. कुणाशी तरी बोलावंसं वाटतं आणि मग वाटतं, कशाला बोलायचं."

"म्हणून तर म्हणतो, इकडे ये."

"तिकडे आले तर तिथेही असंच होईल, आणि तिथे मला कुणी ओळखणार नाही. मी इथेच राहणार आहे, नितीन. गाडीही राहू दे. पण बरी नसले तर बरी आहे असं तुला सांगणार नाही."

"मग मी काय करू, आई?"

मी म्हटलं, काही करू नको, ऐकून घे. तो थांब म्हणाला. दार सरकल्याचा आवाज आला, मागची टीव्हीची कुरकुर बंद झाली. तो बाहेर गॅलरीत गेला असावा. मग मी त्याला आखाडीच्या वेळचं सांगितलं. सुखदासच्या दुकानातलं बाक, घाम, छाती, आणि त्याच्या वडिलांनी कुणाला सांगू नको म्हणून सांगितलं होतं ते. त्यांच्यावर मी चार दिवस किती चिडले होते तेही सांगितलं. काही हातचं ठेवलं नाही.

बोलून झाल्यावर पलीकडून श्वास ऐकू आला, तुटक तुटक. नितीन रडत होता. बाप गेला तेव्हा तो रडला नव्हता. मंडप, लाकडं, पाहुणे, दाखले, सगळं त्यानंच केलं होतं आणि तेरावा करून परत गेला होता. कार्ट्याला रडायला वेळच मिळाला नव्हता, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

मी त्याला गप्प केलं नाही. फोन कानाशी धरून पायरीवर बसले आणि त्याचं रडणं ऐकत राहिले.